गोठ्यात अजून सांगू नकोस

४ सप्टेंबर १९४२

बुर्गल,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे पत्र न उघडताच चुलीत घातलं असतंस. म्हणून क्विरिनने आधीच पत्ता लिहून ठेवलेलं पाकीट वापरलं. नवऱ्याचं पत्र म्हणून उघडलंस आणि आत निघाला भाऊ. फसवलं खरं. आता उघडलंच आहेस तर वाचून टाक, चूल कुठे पळून जात नाही.

क्विरिन बरा आहे. हे आधी लिहायला हवं होतं, तो शेजारी बसून तेच सांगतोय. एर्ना नावाच्या खेचरीने त्याच्या उजव्या हाताला चावा घेतलाय, चार बोटं सुजलीत, म्हणून आज लेखनिक मी. एर्ना हे आमच्या सार्जंटच्या सासूचं नाव. सार्जंट स्टाउडिंगर म्हणतो, स्वभाव जुळत होता म्हणून ठेवलं.

"लिही, काळी गाभण राहिली का," क्विरिन म्हणतोय.

"बायकोला आधी विचार, ती कशी आहे."

"ती बरीच असणार. काळीचं विचार."

तर हा तुझा नवरा. कुठे आहोत ते लिहायची परवानगी नाही, पत्रं उघडून वाचली जातात. उंचावर आहोत एवढं पुरे. घरच्यासारखाच डोंगर आहे, फक्त कुणीतरी तो दुप्पट करून ठेवलाय. खालून दारूगोळा आणि पाव खेचरांवर लादून वर खिंडीत न्यायचा, वरून जखमींना खाली आणायचं. पाच तास चढ, चार तास उतार. टोपीवर फूल लावून मिरवायला मी फौजेत गेलो, आता त्याच टोपीने खेचराचं तोंड पुसतो.

चार वर्षं झाली, बुर्गल. त्या फेब्रुवारीबद्दल मी एकदाही बोललो नाही. बाबांना पेटीत ठेवलं होतं. पेटी उंबऱ्याबाहेर काढायच्या आधी मुलाने गोठ्यात जायचं, एकेका जनावराच्या पाठीवर हात ठेवून त्याला उठवायचं आणि सांगायचं, 'मालक गेला.' मग मधमाश्यांच्या घरांवर तीनदा टकटक करून त्यांनाही सांगायचं. ज्यांना सांगत नाहीत ती जनावरं मालकाच्या मागे जातात. आपल्या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. आणि मी, नव्या गणवेशात, दाराशी उभा राहून सगळ्या गावासमोर काय म्हणालो? 'गायींना वर्तमानपत्रही वाचून दाखवू का?'

कुणी हसलं नाही. तू एप्रनला हात पुसत धावलीस, पण तोवर पेटी बाहेर गेली होती. त्या उन्हाळ्यात दोन गायी कड्यावरून गेल्या आणि मधमाश्यांची घरं एक सोडून सगळी ओस पडली. तू म्हणालीस, या अंगणात पुन्हा पाय ठेवू नकोस. मी अजूनही म्हणतो की तो योगायोग होता. पण आता जरा हळू आवाजात म्हणतो.

आणि दुसरा गुन्हा क्विरिनचा. तो भटारखान्याच्या तुकडीत होता, आघाडीपासून लांब, पिठात लोळत सुखात होता. मी सार्जंटच्या कानाला लागलो आणि त्याला खेचरांवर आणवलं. तू त्याच्या पत्रात माझ्यासाठी एकच ओळ घातली होतीस: 'तू नेलास, तूच परत आण.' ती ओळ माझ्या पाकिटात आहे. का आणवलं ते सांगू? आपली बोली बोलणारं इथे कुणी नव्हतं. मला एकटं वाटत होतं. बस, एवढंच. सैनिकाला शोभत नाही, पण खरं आहे.

तुला हसू येईल असं एक सांगतो. लग्नानंतर पहिल्यांदा गायी डोंगरावरून खाली आणताना हा पठ्ठ्या दरीच्या बाजूने चालला होता, आठवतं? बाबांनी वेशीवरच सुनावलं, "आमच्याकडे गाय दरीच्या बाजूने चालते, माणूस डोंगराच्या बाजूने. जावईबुवा, पडायचंच असेल तर आधी आमची पोरगी परत करा." आणि क्विरिन शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे गायीला दरी दिसू देत नाहीत." पलीकडच्या खोऱ्यातली माणसं, त्यांचं सगळंच उलटं. सहा वर्षं बाबांनी टोमणे मारले, पण हा आपला दरीकडेच. स्टाउडिंगरने मात्र त्याला दोन महिन्यांत सरळ केलं. खेचर दरीकडे, माणूस डोंगराकडे, असा नियमच आहे. आता चालतो आपल्यासारखा. बाबा असते तर त्यांनी स्टाउडिंगरला एक अख्खं चीज पाठवलं असतं.

आणतो त्याला. त्याच्या पायांवर चालवत आणतो. हे मी लिहून देतो, सही करून.

गिडी

काळीचं नक्की कळव. तो खरंच विचारतोय.


२७ सप्टेंबर १९४२

बुर्गल,

तुझं उत्तर नाही. टपालाला वेळ लागतो असं मी क्विरिनला सांगतो. तो म्हणतो, "टपालाला नाही, तिला वेळ लागतो."

बर्फ पडायला लागलाय. आपल्याकडे सप्टेंबरात पडतो तो चार दिवसांनी वितळतो, इथे तो मुक्कामालाच आलाय. खिंडीच्या पलीकडे समुद्र आहे म्हणतात, खाली म्हणे संत्र्यांच्या बागा आहेत. उन्हाळ्यात वरच्या साहेबांनी आम्हाला सांगितलं होतं, आठवड्याभरात समुद्रात पाय धुवाल. आम्ही बघतो ते ढग, आणि ढगांच्या पलीकडून कुणीतरी रोज आमच्यावर गोळ्या झाडतं. पुढे जाता येत नाही. मागे जायचा हुकूम नाही. मागची वाटही आता नावालाच उरलीय, दोर बांधून जनावरं उतरवावी लागतात. मंगळवारी एर्ना गेली. पाय घसरला, ओझ्यासकट खाली. स्टाउडिंगर कड्याशी उभा राहून खाली बघत म्हणाला, "सासूला कळवायला हवं." आम्ही हसलो. क्विरिन नाही हसला.

पाव करवतीने कापतो. ही थट्टा नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात खालच्या वस्तीवर गायी आणायला पाठवलं. दगडी घरं, त्यांना लागूनच गोठे, छपरावर गवत रचलेलं. आपलंच गाव कुणीतरी उचलून इथे ठेवल्यासारखं. लहान अंगाच्या गायी, पण कासेला चांगल्या. सहा आणल्या. कागद दिला त्यांना, शिक्का मारलेला. कागद खाऊन हिवाळा काढतील.

शेवटच्या घरात एक म्हातारी होती. तिने गायीच्या गळ्याला मिठीच मारली. स्टाउडिंगर ओरडला, मी ओरडलो, ती सोडेना. मग तिने आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि क्विरिनची बाही धरली. त्याच्यातच तिला काय दिसलं कोण जाणे. काहीतरी सांगत होती, गायीच्या कासेकडे बोट दाखवत, मग घरात बोट दाखवत. भाषा कळत नव्हती, पण तुला सांगतो, प्रत्येक शब्द समजत होता. घरात लहान मूल होतं. रडत होतं.

गाय आणली आम्ही. मी खेचरांबरोबर पुढे होतो, क्विरिन सगळ्यात मागून तिला घेऊन आला. तिच्या गळ्यात ठोकलेल्या लोखंडाची घंटा होती, भरड आवाजाची. पाच गायी कापल्या. ही दूध देते म्हणून जखमींसाठी ठेवलीय. क्विरिन तिचं दूध काढतो. दूध काढताना तिच्याशी आपल्या बोलीत बोलतो आणि ती ऐकते. माझ्याशी मात्र तो कमी बोलतो.

त्याचा हात बरा झालाय. लिहायला सांगितलं तर म्हणाला, "काय लिहू? काळीबद्दल विचारायचीही लाज वाटते आता."

हे पत्र उघडणाऱ्या साहेबांना सांगायचंय की वरच्या मजकुरात लष्करी गुपित एकही नाही. सगळ्या गायींनाच माहीत आहे.

गिडी


१४ ऑक्टोबर १९४२

प्रिय बुर्गल,

तुला हे सांगण्याचं दुःखद कर्तव्य माझ्यावर आलं आहे की तुझा पती, आमचा सहकारी क्विरिन, ९ ऑक्टोबर रोजी दुपारी खिंडीच्या वाटेवर दाट धुक्यात कर्तव्य बजावत असताना शत्रूच्या गोळीने धारातीर्थी पडला. त्याला वेदना झाल्या नाहीत. वाटेवरच्या दगडांच्या ढिगाशेजारी त्याला सन्मानाने पुरलं आहे, क्रूस उभारला आहे. सार्जंट स्टाउडिंगर त्या जागेचं छायाचित्र पाठवतील. तुकडीतल्या सर्वांचा तो आवडता होता.

हे एवढं मला लिहून दिलं होतं, त्याप्रमाणे लिहिलं. आता माझं.

बुर्गल, मी त्याला आणू शकलो नाही. सही करून दिलेला कागद तुझ्याकडे असेल, तो जाळ.

एकच मागतो. तू मला कधी काही द्यावंस असं मी काही केलेलं नाही, तरी मागतो. गोठ्यात जाऊ नकोस. गुरांना काही सांगू नकोस, मधमाश्यांनाही नाही. अजून नको. मी येईपर्यंत थांब.

गिडी


८ नोव्हेंबर १९४२

गिडी,

तुझं पत्र मिळालं. तू जे लिहिलंस ते मला समजलं. मधे उघडून वाचणाऱ्यांना समजलं नसेल, देव त्यांचं भलं करो.

चर्चमध्ये त्याच्या नावाची प्रार्थना झाली. मी काळे कपडे घातले, रडलेही, रडू खोटं नव्हतं. घरी परतल्यावर शेजारची म्हातारी अफ्रा गोठ्याकडे निघाली, म्हणाली, "पोरी, उशीर करू नकोस, एकदा उशीर करून काय झालं ते आठव." मी दारात आडवी उभी राहिले. ती म्हणते दुःखाने माझं डोकं फिरलंय. म्हणू दे.

गुरं बसलेली आहेत. कुणाला काही सांगितलेलं नाही. काळीला गोऱ्हा झाला. ज्याने विचारलं होतं त्याला कळव, जमेल तेव्हा.

माझ्या घराचं दार तुझ्यासाठी उघडं आहे.

बुर्गल


२० फेब्रुवारी १९४३

बुर्गल,

हे पत्र टपालाने येत नाहीये. कास्पर नावाचा माणूस आणून देईल, त्याच्या पायाची बोटं कापलीत म्हणून त्याला विमानाने घरी पाठवतायत. सगळे त्याचा हेवा करतात. त्याला काहीतरी खायला घाल, आणि वाचून झालं की हे खरोखरच चुलीत टाक.

डोंगरातून आम्हाला खाली काढलं. आता पाठीशी समुद्र आहे, तोच, ज्यात पाय धुवायचे होते. समोर ते लोक आहेत आणि मधे गुडघाभर चिखल. खेचरं पोटापर्यंत रुततात, बाहेर काढता आली नाहीत तर तिथेच गोळी घालतो. बाहेर पडायची एकच वाट म्हणजे होड्या, आणि होड्यांमध्ये आमच्यासाठी जागा नाही. पण ते असो.

तुझी चिठ्ठी मला जानेवारीत मिळाली. शेवटची ओळ मी किती वेळा वाचली ते सांगणार नाही. चार वर्षं त्या एका ओळीसाठी मी काय काय दिलं असतं. दोन दिवस ती चिठ्ठी खिशात घेऊन फिरलो. नंतर म्हटलं, लिहायलाच हवं.

हो. तुला बरोबर समजलं.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुला कळेल तो तसा का वागला.

सप्टेंबरात वाटेवर आम्हाला एक ट्रक आडवा आला. आम्ही खेचरं कडेला घेतली. ट्रकमध्ये माणसं होती, बायका, एक चष्मेवाला डॉक्टर, युद्धाला भिऊन पश्चिमेकडून पळून आलेली ज्यू कुटुंबं. खालच्या गावात राहत होती. क्विरिनने विचारलं, "यांना कुठे नेतायत?" मी म्हणालो, "खेचर धर." तासाभराने ट्रक परत आला. रिकामा. मागच्या फळीवर मुलांचे बूट होते. आम्ही पुन्हा खेचरं कडेला घेतली. त्याने मला पुन्हा विचारलं नाही. मला कळलं होतं, त्यालाही कळलं होतं, आणि आम्ही दोघांनी पावाची पोती वर पोचवली. पोती वेळेवर पोचली म्हणून स्टाउडिंगरने सिगारेटी दिल्या. मी ओढल्या.

त्यानंतर तो बोलेनासा झाला. गायीशीच काय ते बोलायचा.

नऊ तारखेला सकाळी हुकूम आला, शेवटची गाय कापा. क्विरिन माझ्याकडे आला.

"मी तिला म्हातारीकडे सोडून येतो."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"चार तास उतार. सोडतो आणि परत येतो. मग मला काय करायचं ते करा."

"गाय परत करतोस? मग डोंगरही परत करू या की. आणि तो ट्रकही."

म्हणजे मी हसलो, बुर्गल. पुन्हा एकदा तेच केलं. बाबांच्या वेळेला जसं हसलो होतो तसंच. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तो म्हणाला, "तुझी बहीण म्हणते, तू वाईट नाहीस, तुला फक्त भीती वाटली की तू विनोद करतोस." मग तो खेचरांकडे परत गेला.

दुपारी धुकं उतरलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. आणि खालच्या वळणावरून घंटा ऐकू यायला लागली. धुक्यात जनावराच्या गळ्यातली घंटा काढायची नाही, हे तुलाही माहीत आहे, त्यालाही. काढली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण इतक्या वर्षांची सवय, त्याच्या मनातही आलं नसेल.

स्टाउडिंगर धावत आला. "ही आपली गाय ना? बरोबर कोण आहे?"

कुणी बोललं नाही.

"क्विरिन कुठाय?"

उत्तराची वाट न बघताच स्टाउडिंगरला कळलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. माणूस पळाला तर पहिला जाब त्याला द्यावा लागणार होता. तो माझ्याकडे वळला. तुकडीतला नेमबाज मी, कड्यांवरच्या चामोई बकऱ्यांची शिकार करत वाढलेला. "आवाजावर झाड," तो म्हणाला. "तू नाही झाडलीस तर मी मशीनगन लावतो, ती सगळी वाट झाडून काढेल."

तो लावणार होता. मला माहीत होतं. मशीनगनने कुणीच वाचलं नसतं. एकच गोळी, आणि ती मीच मारायची, एवढाच त्याला वाचवायचा मार्ग होता. हे मी नंतर रचलेलं नाही, तेव्हाच मनात आलं होतं. घंटा गायीच्या गळ्याशी. त्या आवाजावरून गाय कुठे आहे ते कळत होतं, वाट मला पाठ होती. मी जिकडे माणूस नसतो त्या बाजूला नेम धरला. गायीला घासून, बाहेरच्या अंगाला. आणि झाडली.

घंटा थांबली.

स्टाउडिंगर म्हणाला, "झालं." तो तिथेच खाली बसला. त्याने कागदावर शत्रूची गोळी असं लिहिलं, पळपुटा लिहिलं नाही, त्याचे त्याबद्दल आभारच मानायला हवेत. तुझं शेत जप्त झालं असतं.

पहाटे मी एकटा माग काढत गेलो. दगडांच्या ढिगापाशी वाटेवर वाळलेलं गवत पडलं होतं. मूठभर, चुरगळलेलं. बुर्गल, आठवतं, शाळा बुडवून गायींबरोबर रानात जायचो तेव्हा बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून आपण घंटेत गवत कोंबायचो? तेच. गोळी ऐकून तो शहाणा झाला, घंटेत गवत कोंबलं आणि पुढे गेला. रक्त नव्हतं. पुढचा माग बर्फाने बुजला होता. ते थडगं रिकामं आहे, छायाचित्रासाठी दगड रचले, बस. तो त्या वस्तीवर पोचला असेल. म्हातारीने त्याला ठेवून घेतला असेल. युद्ध संपलं की येईल, पायांनी चालत, दरीकडून की डोंगराकडून ते त्याचं त्याला.

म्हणून गुरं बसलेलीच राहू देत. अफ्राला काहीही वाटो.

मला जास्त काही विचारू नकोस. कास्पर निघाला.

गिडी


युद्धकैद्याचं टपालकार्ड
पंचवीस शब्दांहून जास्त मजकूर असल्यास कार्ड पाठवलं जाणार नाही

१२ नोव्हेंबर १९४६

बुर्गल, जिवंत आहे. दोन्ही पाय, दोन्ही हात शाबूत. खाणीत काम. पाव मिळतो. काळी आहे का? गोठ्यात सगळं पूर्वीसारखं ना? उत्तर दे. गिडी


उत्तराचं कार्ड
पंचवीस शब्दांची मर्यादा

३ फेब्रुवारी १९४७

गुरं बसलेलीच आहेत. क्विरिनची खबर नाही. लोक दुसरं लग्न कर म्हणतात. माणूस नसतो त्या बाजूला गोळी मारलीस, म्हणजे कोणत्या? एवढंच सांग. बुर्गल


युद्धकैद्याचं टपालकार्ड
पंचवीस शब्दांची मर्यादा

२९ जून १९४७

दरीच्या बाजूला. खेचर नव्हतं, गाय होती, विसरलो. गवत नव्हतं. गाय त्याच्यापाशी थांबली, म्हणून घंटा थांबली. दगडांखाली मीच पुरला. गोठ्यात जा. वाट पाहू नकोस. गिडी


उत्तराचं कार्ड
पंचवीस शब्दांची मर्यादा

१७ ऑगस्ट १९४७

सातही गायींना उठवलं. मधमाश्यांना सांगितलं. कुणी मारलं तेही सांगितलं, नाव घेऊन. आता तू ये. त्यांच्यासमोर उभा राहा. बुर्गल